गोठ्याकडेची छोटी भट्टी



सोयाबीन घरात आले, कापसाची वेचणी सुरू आहे, हरभरा पेरून झाला. मार्गशीर्षाची थंडी पडली की आपल्या विदर्भात दारोदार शेकोट्या पेटतात. तेव्हा आज खत, बियाणे आणि फवारणी थोडी बाजूला ठेवू. आज शेकोटीपाशी बसूनच बोलू आणि तेही विस्तव आणि लोखंड यांविषयी.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो. मागे एका जुलै महिन्यात उमरेडकडच्या एका गावी माझा दौरा होता. पाच दिवस झड लागून ती नुकतीच उघडली होती. शिवारात वाफसा आला होता, सोयाबीनच्या तासांत तण हिरवेगार उभे होते. डवरणीला याहून चांगला मुहूर्त नाही. पण गावाच्या फाट्यावर तीन शेतकरी एस.टी.ची वाट पाहत उभे. प्रत्येकाच्या काखेत पोत्यात गुंडाळलेली डवऱ्याची पास.

मी विचारले, "इकडे कुठे निघालात?"

"पास पाजवाले, साहेब. गावातला भाता बंद पडला, आता तालुक्याले जा लागते."

त्या दिवशी तालुक्याच्या लोहाराकडे रांग होती. त्यांचा नंबर दुसऱ्या दिवशी दुपारी लागला. ते गावी परतले आणि त्याच रात्री पुन्हा पाऊस आला. काळ्या जमिनीत वाफसा फार दिवस टिकत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. सोयाबीनचे पीक पहिले तीस-पंचेचाळीस दिवस तणमुक्त ठेवले नाही, तर पुढे कितीही निंदण करा, गेलेले उत्पन्न परत येत नाही. त्या तिघांचे शेत तणाने धरले. निंदणाची मजुरी गेली ती वेगळीच. दीड हात लांबीची एक पास बोथट होती, एवढेच कारण!

तेव्हापासून मनात होते की, आपल्या घरी, गोठ्याच्या कडेला, चार जुन्या वस्तू जमवून एक लहानशी भट्टी का असू नये? धंदा म्हणून नव्हे. हौस म्हणून, अडीनडीला उपयोगी म्हणून. गेली काही वर्षे मी स्वतः ही हौस करतो आहे. हात भाजले, एक विळा फोडला, बरेच लोखंड वाया घालवले. त्यातून जे शिकलो ते आज तुमच्यापुढे मांडतो.

हे काम आपल्या मातीतले आहे

कोणी म्हणेल, साहेबांना हे भलतेच खूळ लागले. पण लोखंडाचे काम या नागपूरच्या मातीला नवे नाही. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीच्या काठी नायकुंड नावाचे गाव आहे. तेथे १९७८ ते १९८० या काळात डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. जमिनीखाली लोखंड गाळण्याची भट्टी, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या आणि लोखंडाचा मळ सापडला. ही भट्टी अडीच हजार वर्षांहून जुनी! नागपूरजवळच्याच माहुरझरीला त्या काळच्या दगडी वर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी आणि छिन्न्या मिळाल्या. तेव्हा आपल्या वाडवडिलांनी मातीच्या नळीने हवा फुंकून जे केले, ते आपल्याला घमेले आणि पंखा घेऊन जमणार नाही असे का मानावे?

मला हे काम ज्यांनी दाखवले ते एक वृद्ध लोहार. गाव त्यांना लोहारमामा म्हणते, मीही तेच म्हणतो. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, "साहेब, लोखंड हातानं नाई बनत, डोयानं बनते. रंग ओयखता आला का अर्धं काम झालं." त्यांच्या या वाक्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

जागा आणि साहित्य

जागा निवडताना एकच गोष्ट ध्यानात ठेवा : ठिणगी उडणारच आहे. म्हणून कडबा, कुटार, पऱ्हाटीचा ढीग आणि घरात भरलेला कापूस यांपासून भट्टी किमान तीस-चाळीस हात दूर हवी. वरती पत्र्याचे छप्पर आणि तीन बाजू मोकळ्या असाव्यात. बंद खोलीत भट्टी मुळीच पेटवू नका. कोळशाच्या जळण्यातून वास नसलेला, डोळ्यांना न दिसणारा विषारी वायू निघतो. तो माणसाला झोपेतच गिळतो. जमीन मातीची बरी. सिमेंटच्या कोब्यावर लालबुंद लोखंड पडले तर कोब्याचे टवके फटाक्यासारखे उडतात. सावली मात्र हवी, कारण उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग दिसत नाही. त्याच कारणाने आणि वाऱ्याच्याही कारणाने, हे काम उन्हाळ्यात भर दुपारी करू नये. थंडीतली संध्याकाळ सर्वांत उत्तम.

भट्टीसाठी जुने लोखंडी घमेले घ्या. त्याला आतून मातीचा दोन इंच जाड थर द्यायचा आहे. येथे आपली काळी माती कामाची नाही. ती वाळताना आकसते आणि भेगाळते. कुंभाराची किंवा घर सारवायची पांढरी अगर पिवळी माती दोन भाग, बारीक वाळू एक भाग, चाळलेली राख अर्धा भाग आणि थोडे बारीक कुटार असे मळून लिंपण करा. मधोमध फोडलेल्या नारळाएवढा, पाच-सहा इंच रुंद आणि चार इंच खोल खळगा ठेवा. आठ दिवस सावलीत वाळू द्या. वाळताना पडलेल्या भेगा पुन्हा बुजवा. पहिला विस्तव अगदी मंद ठेवा, नाहीतर ओल्या मातीचे पापुद्रे उडतात.

हवेसाठी सव्वा इंची लोखंडी नळी, तीन फूट लांब. घमेल्याच्या बाजूला भोक पाडून तिचे तोंड खळग्यात, तळापासून दोन इंच वर आणा. नळी काळ्या लोखंडाची घ्या. पाण्याच्या नळाची, जस्ताचा मुलामा दिलेली पांढरी नळी घेऊ नका. तापल्यावर त्या जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की हिवतापासारखी हुडहुडी भरते, आणि जास्त गेला तर प्राणावर बेतते. याच कारणाने मुलामा दिलेला पत्रा, तार किंवा खिळे भट्टीत कधीही टाकू नयेत.

फुंकायला कातडी भाता मिळाला तर सोन्याहून पिवळे. नसेल तर हाताने फिरवायचा लोहारी पंखा नागपुरात इतवारीच्या लोहा ओळीत मिळतो. जुन्या मोटारीचा बॅटरीवरचा पंखाही चालतो. मात्र हवा कमी-जास्त करण्यासाठी नळीवर पत्र्याची सरकती झडप बसवा. विजेचा पंखा तुम्ही लोखंड पाहत बसलात तरी फुंकतच राहतो आणि लोखंड जाळून टाकतो. म्हणून शिकताना हाताचा पंखा बरा. हात थांबला की हवाही थांबते.

ऐरण हा खरा प्रश्न. नवी ऐरण महाग, आणि सुरुवातीला तिची गरजही नाही. पाच ते आठ किलो वजनाच्या जुन्या घणाचे डोके घ्या. बाभळीच्या ओंडक्याला खाच करून ते डोके त्यात उभे, निम्मे गाडून घट्ट बसवा. वर जे दोन-अडीच इंचांचे तोंड राहते, तेवढ्यावर खुरपे, विळा, कडी, आकडा सगळे घडते. ट्रॅक्टरच्या मोडक्या आसाचा जाड तुकडाही चालतो. रेल्वेच्या रुळाचा तुकडा मात्र भंगारवाल्याने देऊ केला तरी पावतीशिवाय घेऊ नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदेशीर बाळगण्याविरुद्ध १९६६ सालचा कायदा आहे, आणि हौसेपायी ठाण्याची पायरी चढण्यात शहाणपण नाही. आपल्याकडचा लोहार बसून काम करतो, म्हणून त्याची ऐरण जमिनीलगत असते. तुम्हाला उभ्याने काम करायचे असेल तर हात सरळ खाली सोडून मूठ आवळा. मुठीची बोटे जेथे येतात तेवढीच ऐरणीची उंची ठेवा. पाठ दुखणार नाही.

हातोडा एक किलोचा पुरे. जड हातोड्याने काम लवकर होते हा नवशिक्याचा भ्रम. त्याने मनगट लवकर थकते एवढेच. सांडशी नसेल तरी अडत नाही. सुरुवातीला दोन फूट लांब सळईच घ्या. एक टोक तापते, दुसरे हातात राहते. पुढे मग स्वतःची सांडशी स्वतःच घडवा. त्यातला आनंद विकत मिळत नाही. याशिवाय एक बादली पाणी, एक बादली कोरडी वाळू, जुनी कानस, छिन्नी आणि लोखंडी तारेचा ब्रश. झाली भट्टी तयार.

विस्तव आणि रंग

कोळसा बाभळीचा उत्तम. चिंचेचाही चालतो. अक्रोडाएवढे तुकडे करून घ्यावेत. उमरेड, कामठी, सावनेर हा दगडी कोळशाच्या खाणींचा पट्टा असल्याने आपल्याकडे दगडी कोळसाही दिसतो. त्याची आच मोठी, पण धूर आणि गंधकाचा वास फार. घराजवळ लाकडी कोळसाच बरा. एका संध्याकाळच्या कामाला दोन-तीन किलो पुरतो.

आता नवशिक्याची पहिली चूक सांगतो. तो लोखंड थेट नळीच्या तोंडासमोर धरतो. तेथे ताजी हवा असते, आणि हवेने तापलेले लोखंड खाल्ले जाऊन त्यावर काळी खपली धरते. नळीच्या वर दोन-तीन इंच पेटलेल्या कोळशाचा थर ठेवा, त्यात लोखंड आडवे खुपसा आणि त्याच्या वरतीही कोळसा असू द्या. म्हणजे लोखंड विस्तवाच्या पोटात तापते.

लोखंड तापू लागले की आधी काळपट लाल दिसते, मग कुंकवासारखे लाल, मग नारिंगी, मग पिकल्या आंब्यासारखे पिवळे आणि शेवटी पांढरे. नारिंगी ते पिवळा, म्हणजे साधारण एक हजार ते अकराशे अंश सेल्सिअस, ही घडवण्याची वेळ. या वेळी लोखंड मळलेल्या मातीसारखे ऐकते. रंग उतरून काळपट लाल झाला की हातोडा थांबवा आणि तुकडा पुन्हा विस्तवात घाला. थंड लोखंडाला ठोकत राहिलात तर ते चिरते, आणि कडक पोलादाची तर कपारीच उडते. उलट लोखंडातून फुलबाजीसारख्या ठिणग्या निघू लागल्या तर समजा, ते जळाले. जळालेले लोखंड पुन्हा जोडले जात नाही. तेवढा भाग कापून टाकावा लागतो.

पहिले चार धडे

पहिला धडा टोकाचा. दहा मिलिमीटरची साधी सळई घ्या आणि तिला टोक काढा. सरळ गोल टोक काढायला जाल तर सळई मधून दुभंगेल. आधी चौकोनी करा, चौकोन बारीक करत न्या, मग कोपरे मारून आठकोनी आणि शेवटी गोल. असा क्रम का? चौकोनाच्या सपाट बाजूवर घाव बसला की लोखंड आतपर्यंत एकसारखे दबते. गोलावर घाव नुसता वरवर घसरतो आणि आत पोकळी पडते.

दुसरा धडा आकड्याचा. त्याच टोकाला ऐरणीच्या कडेवर वाकवा, दुसरे टोक उलट बाजूला वाकवा. गोठ्यात दोर, कंदील, दुधाची बादली टांगायला आकडा झाला. असे दहा आकडे होईपर्यंत दुसरे काही करू नका. पहिला वाकडा होईल, दहावा सरळ होईल. नाचता येईना अंगण वाकडे, तसे ऐरणीला नावे ठेवण्यात वेळ घालवू नका.

तिसरा धडा खुरप्याचा. साध्या सळईत कर्ब फार थोडा असतो, त्यामुळे तिला धार टिकत नाही. ट्रकच्या पाट्याची मोडकी पट्टी घ्या. या पोलादात शेकडा अर्धा टक्क्याच्या वर कर्ब असतो, म्हणून त्याला कडकपणा देता येतो. पट्टी आधी लाल करून राखेच्या ढिगात रात्रभर पुरून ठेवा. ती नरम पडते आणि कानशीने घासता येते. मग तापवून पान पातळ करा, शेपूट ओढा, मान वाकवा. धारेची बाजू ठोकताना पान कमानीसारखे वळते. ते आधीच उलट बाजूला थोडे वाकवून ठेवले की शेवटी सरळ येते.

चौथा धडा पासेचा. हा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. पास लांब असते, म्हणून एका वेळी चार बोटे लांबीच तापवायची आणि टोकापासून टोकापर्यंत क्रमाने जायचे. पूर्वी लोहाराने ज्या बाजूने ठोकली असेल तीच बाजू ठेवा. धार पातळ करा, पण कागदासारखी नको. आपल्या रानात चुनखडीचे गोटे असतात, पातळ धार एका तासात दुमडते. सगळी पास झाल्यावर डोळ्यासमोर आडवी धरून पाहा. पीळ दिसला तर कोमट लाल रंगावर हलक्या हाताने काढा. पीळ असलेला डवरा एका बाजूला ओढतो आणि पिकाचे तास कापतो.

पाणी देणे

आता माझ्या फोडलेल्या विळ्याची गोष्ट. पाट्याच्या पट्टीचा विळा मी आठवडाभर खपून घडवला होता. वाटले, आता पाणी दिले की झाले. चांगला पिवळा होईपर्यंत तापवला आणि थंडगार पाण्याच्या बादलीत बुडवला. टण् असा आवाज आला. वर काढला तर पानावर आरपार चीर! लोहारमामा शेजारीच बसले होते. हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "पाणी साऱ्याले सारखं नसते, साहेब. कोनाले पाणी, कोनाले तेल. अन् एवढं तापवाचं नसते."

त्यांचे म्हणणे पुढे मी समजून घेतले. पोलाद लाल होत असताना एक वेळ अशी येते की चुंबक त्याला चिकटत नाही. ती वेळ साधारण ७७० अंशांच्या आसपास येते. तारेला बांधलेले जुन्या स्पीकरचे चुंबक जवळ न्या. चिकटणे थांबले की त्याहून किंचित अधिक तापवा आणि लगेच बुडवा. अधिक तापवलेल्या पोलादाचे कण मोठे होतात आणि ते ठिसूळ बनते. पाट्याच्या पट्टीला पाणी नको, तेल द्यावे. घरातले शेंगदाण्याचे जुने तेल लोखंडी डब्यात घ्या, डब्याला झाकण असू द्या. तेल भडकले तर झाकण टाकून विझवा. त्यावर पाणी मुळीच टाकू नका. मोटारीचे जळके तेल वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो.

बुडवून काढलेले पान काचेसारखे कडक आणि काचेसारखेच फुटके असते. म्हणून त्याचा थोडा ताठा उतरवावा लागतो. पान दगडावर घासून चकचकीत करा आणि विस्तवाच्या वर, लांबून, हळूहळू शेका. चकाकीवर रंग येऊ लागतात : आधी गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. फिकट पिवळा सुमारे २२० अंशांना येतो आणि निळा सुमारे ३०० अंशांना. विळ्याला पिवळा ते तपकिरी, खुरप्याला तपकिरी ते जांभळा रंग आला की थांबा. निळा आला म्हणजे धार नरम पडली.

हौस जिवावर बेतू नये

डोळ्यांवर साधा पारदर्शक चष्मा हवाच. त्याशिवाय हातोडा उचलू नका. अंगात सुती कपडे, पायात कातडी जोडा. टेरिलिनचा सदरा आणि रबरी चप्पल ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात. साडीचा पदर खोचलेला, केस बांधलेले असावेत. लाल लोखंडाला कोणी हात लावत नाही. भाजते ते काळे झालेले, पण अजून गरम असलेले लोखंड. म्हणून लहान मुलांना दूर ठेवा आणि गरम तुकडे एकाच ठरलेल्या जागी ठेवा.

कीटकनाशकाचा रिकामा डबा भट्टीच्या कोणत्याही कामाला घेऊ नका. डिझेलचे रिकामे पिंप किंवा बंद तोंडाची नळी विस्तवात घालू नका, ती बाँबसारखी फुटते. भाजलेच तर त्यावर हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा आणि भाजणे मोठे असेल तर दवाखाना गाठा. धनुर्वाताची सुई वेळेवर घेतलेली असावी. काम संपल्यावर विस्तव पाणी टाकून पूर्ण विझवा. राखेखाली निखारा रात्रभर जिवंत राहतो.

लोहाराच्या पोटाचे काय?

हे सारे वाचून एखादा विचारील, साहेब, घरोघर भट्ट्या झाल्या तर लोहाराने खायचे काय? प्रश्न योग्य आहे. मीही तो लोहारमामांनाच विचारला. ते म्हणाले, "माया भाता बंद पडून चार वर्सं झाली. पोरगा कंपनीत लागला, भट्टीपाशी येत नाई. कोनी शिकते तं शिकू द्या. मेल्यावर का सोबत नेऊ?"

म्हणून माझी विनंती अशी : ज्या गावात लोहार आहे, तेथे आधी त्याच्याकडे जा. चार दिवस त्याचा भाता ओढा, आणि त्याला शिकवण्याचे पैसे द्या. पुस्तकात महिनाभरात कळत नाही ते त्याच्या शेजारी एका दिवसात कळते. मोठे काम त्याच्याकडेच न्या. हौसेने घडवलेल्या वस्तू स्वस्तात विकून त्याचा भाव पाडू नका. रस्त्याच्या कडेला पाल ठोकणारे घिसाडी आणि गाडी लोहार आले तर त्यांच्याशीही घासाघीस करू नका. त्यांच्या बायका ज्या लयीत घण घालतात ते पाहायलाच थोडा वेळ उभे राहा. हे काम हलके नाही.

जे लोहारकामावरच पोट भरतात त्यांच्यासाठी केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झाली. तिच्यातील अठरा व्यवसायांत लोहार आणि हातोडा-अवजारे बनवणारे कारागीर येतात. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत व दुसऱ्या टप्प्यात दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. लाभ कुटुंबात एकालाच मिळतो. तुमच्या गावात लोहार असेल आणि त्याला हे माहीत नसेल, तर तुमच्या घरच्या शिकलेल्या मुलाने त्याला सामूहिक सेवा केंद्रावर घेऊन जावे. हौशी माणसाने मात्र या योजनेकडे डोळा ठेवू नये, ती त्यांच्या पोटासाठी आहे.

आता शेवटी ते रंगाचे राहिलेले. गेल्या हिवाळ्यात मी गावातल्या एका शेतकऱ्याच्या अकरावीतल्या मुलाला लोहारमामांकडे घेऊन गेलो. मुलगा अभ्यासात बेताचा, पण हाताला चुळबुळ फार. मामांनी भट्टी पेटवायला लावली. पट्टी विस्तवात घातली. मग बराच वेळ ते नुसते बसून राहिले. मला वाटले, काही विसरले. तेवढ्यात त्यांनी मुलाला विचारले, "रंग सांग."

"लाल झाली, मामा."

"लाल कसा? कुंकवावानी का विटेवानी?"

"कुंकवावानी."

"थांब मंग. आता?"

तेव्हा माझ्या ध्यानात आले. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सत्तर वर्षे ज्या रंगांवर त्यांनी काम केले, ते रंग त्यांना दिसतच नव्हते. कोणाला त्यांनी ते सांगितले नव्हते. गावाने समजूत करून घेतली होती की मामांनी म्हातारपणामुळे भाता बंद केला. त्या संध्याकाळी मुलाचे डोळे आणि मामांचे ज्ञान मिळून एक खुरपे झाले. साधे, थोडे वाकडे, पण धार टिकणारे.

पुढे मामांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, आधी एका आणि मग दुसऱ्या. आता त्यांना दिसते. तरीही ते मुलाला आधी विचारतातच, "रंग सांग." चुकला तर दुरुस्त करतात. या पावसाळ्यात त्या गावच्या फाट्यावर पास घेऊन एस.टी.ची वाट पाहणारे मला कोणी दिसले नाही. मुलगा सकाळी कॉलेजला जातो, संध्याकाळी भट्टीपाशी बसतो. पासेचे जे पैसे येतात त्यातले निम्मे मामा घेतात, निम्मे त्याला देतात.

तुमच्या गावातही असा एखादा बंद भाता असेल. तो का बंद पडला हे एकदा त्या माणसाजवळ बसून विचारा. कदाचित कारण म्हातारपण नसेलही. आणि येत्या खांडेनवमीला हत्यारांची पूजा कराल, तेव्हा त्यांत स्वतः घडवलेला निदान एक आकडा असू द्या. तो वाकडा असला तरी चालेल.

पुढील अंकात हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी बोलू. तोवर शेताकडे लक्ष असू द्या आणि विस्तवापासून जपा.

राम राम.